निकालाच्या दुपारी शेअर्ड होस्टिंग किती टिकतं?

महिन्याला दोन-तीनशे रुपयांच्या शेअर्ड होस्टिंगच्या (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट ठेवण्याच्या सोयीच्या) जाहिरातीत ‘अनलिमिटेड बँडविड्थ’ हे शब्द ठळक असतात, ‘एंट्री प्रोसेस’ हे शब्द मात्र शोधूनही सापडत नाहीत. गर्दीच्या दिवशी साइट आडवी होते ती याच न छापलेल्या आकड्यापायी. बँडविड्थ, म्हणजे डेटाच्या ये-जा करण्याची मुभा, बिचारी शेवटपर्यंत शिल्लकच असते.

हे परीक्षण एका कंपनीचं नाही, एका साच्याचं आहे. खातं सांभाळायला सीपॅनल, खाली क्लाउडलिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, पानं पोचवणारा सर्व्हर लाइटस्पीड किंवा अपाची, वर साइट चालवणारं वर्डप्रेस. आपल्याकडे विकलं जाणारं बरंचसं स्वस्त होस्टिंग याच साच्यातून निघतं. लोगो आणि सवलतीचा टक्का तेवढा बदलतो. परीक्षेचा प्रसंग घेतलाय तो दहावीच्या निकालाचा. गेली काही वर्षं राज्य मंडळाचा निकाल दुपारी १ वाजता ऑनलाइन लागतो. मंडळाच्या निकालाच्या साइट आणि डिजिलॉकर यांचा बंदोबस्त वेगळा असतो, त्यांचा इथे संबंध नाही. पण त्याच दुपारी क्लासेसच्या, शाळांच्या आणि नोकरी-जाहिरातींच्या शेकडो लहान साइटवर ‘निकाल इथे पाहा’ हे एक पान अचानक धावू लागतं. गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी उकडीच्या मोदकांच्या पानाचं किंवा पोलीस भरतीची जाहिरात आल्यावर पात्रतेच्या पानाचं तेच होतं.

आधी मर्यादा समजून घेऊ. क्लाउडलिनक्स प्रत्येक खात्याभोवती एक कुंपण घालतं. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये सीपीयू १०० टक्के म्हणजे एक कोर, मेमरी १ जीबी, एंट्री प्रोसेस २०, एकूण प्रोसेस १०० आणि डिस्कचं वाचन-लेखन सेकंदाला १ एमबी असतं. कंपन्या हे आकडे आपापल्या प्लॅनप्रमाणे वर-खाली करतात. एंट्री प्रोसेस म्हणजे एका क्षणी तुमच्या खात्यात चालू असलेल्या पीएचपीच्या (वर्डप्रेसचं पान बनवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) विनंत्या. इथे बहुतेकांची गल्लत होते: २० एंट्री प्रोसेस म्हणजे एका वेळी २० वाचक नव्हेत. पान वाचकाच्या फोनवर पोचलं की त्याने ते दहा मिनिटं वाचलं तरी सर्व्हरवर त्याचा भार शून्य. भार असतो तो पान तयार होण्याच्या अर्ध्या-एक सेकंदापुरता.

उलटी गल्लतही होते. गुगल अ‍ॅनालिटिक्सच्या रिअलटाइम पडद्यावर १,००० हा आकडा दिसला की मालकाच्या पोटात गोळा येतो. तो आकडा गेल्या ३० मिनिटांतल्या वाचकांचा असतो. १,८०० सेकंदांत १,००० माणसं, म्हणजे साधारण दोन सेकंदांना एक. हे कुठलंही धड होस्टिंग झेपवतं. खरी परीक्षा गर्दी किती वेळात दाटते यात आहे.

हिशेब मांडून बघा. दहा-बारा प्लगइन (जोडसोयी) असलेल्या वर्डप्रेसला एक पान कॅशशिवाय, म्हणजे आधी बनवून ठेवलेली प्रत न वापरता, बनवायला समजा सीपीयूचे ०.४ सेकंद लागतात. एक कोर असेल तर सेकंदाला अडीच पानं निघतील, कंपनीने कितीही जोर लावला तरी. १ वाजता व्हॉट्सअ‍ॅपवरून लिंक फिरली आणि दहा मिनिटांत ६,००० जण आले, म्हणजे सेकंदाला दहा. दर सेकंदाला साडेसात विनंत्या मागे राहणार. वीस जागा भरायला तीन सेकंदही लागत नाहीत. १ वाजून ३ सेकंदांनी पुढच्या माणसाला पानाऐवजी एररचा आकडा दिसतो. तो रिफ्रेश करतो, शेजारचाही करतो, आणि दहाचे वीस होतात. त्यातही वाईट असं की कंटाळून निघून गेलेल्या माणसाची पीएचपी प्रोसेस बहुधा काम पूर्ण करेपर्यंत चालूच राहते. ज्याला पान नको आहे त्याचंच पान बनवण्यात कोर गुंतलेला असतो.

म्हणून ‘एंट्री प्रोसेस वाढवून द्या’ ही सपोर्टकडची नेहमीची मागणी एकटी काही कामाची नाही. कोर तोच ठेवून २० च्या ४० केल्या तर रांग लांबते, माणसं पुढे सरकत नाहीत. काहींना एररऐवजी सोळाएक सेकंद फिरणारं चक्र दिसतं, इतकाच फरक. सीपीयू हे मूळ दुखणं, एंट्री प्रोसेस हा नुसता ताप.

एररच्या आकड्यावरून दुखणं बरंचसं ओळखता येतं. ५०८ म्हणजे एंट्री प्रोसेस भरल्या. ५०० किंवा ५०३ आला तर मेमरीचा संशय घ्यावा, पण लाइटस्पीडवर पीएचपीची रांग तुंबली तरी ५०३ दिसू शकतो, त्यामुळे त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नये. ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’ आला तर डेटाबेसच्या जोडण्यांची मर्यादा ओलांडली असावी. आणि एररच नाही पण सगळं चिखलात रुतल्यासारखं चाललंय, तर सीपीयू किंवा डिस्क आवळली गेलीय. या दोन मर्यादा विनंती नाकारत नाहीत, फक्त गळा दाबतात. खात्री करायला सीपॅनलमध्ये ‘रिसोर्स युसेज’ उघडा आणि तपशिलात जा. तिथे कोणत्या मर्यादेला किती वेळा धडक बसली हे ‘फॉल्ट’ या नावाने मोजलेलं असतं, आणि ‘स्नॅपशॉट’मध्ये त्या क्षणी कोणत्या फाइली चालू होत्या हेही मिळतं. या साच्यातली ही सर्वांत उपयोगी सोय, आणि सर्वांत कमी उघडलं जाणारं पान. काही कंपन्या आपलं वेगळं पॅनल देतात आणि त्यात ही माहिती एका हिरव्या पट्टीत गुंडाळून टाकतात. अशा ठिकाणी नेमकं काय भरलं ते सपोर्टला विचारल्याशिवाय कळत नाही. हा मोठा उणा गुण.

आता जमेची बाजू. सर्व्हर लाइटस्पीडचा असेल आणि त्याचं मोफत कॅश प्लगइन नीट लावलेलं असेल तर हेच दोन-तीनशे रुपयांचं होस्टिंग वरची गर्दी सहज पेलतं. तयार पान सर्व्हर थेट उचलून देतो, पीएचपी जागीच होत नाही, एंट्री प्रोसेस खर्च होत नाही. सेकंदाला दहा काय, त्याच्या कितीतरी पट विनंत्यांनी फरक पडत नाही. अपाचीवर हेच काम डब्ल्यूपी सुपर कॅशने होतं, पण ‘एक्स्पर्ट’ पद्धत निवडली तरच. ‘सिंपल’ पद्धतीत तयार पान द्यायलाही पीएचपी उठतेच. ती लवकर झोपते, एवढंच.

कॅश चालू आहे की नुसतं प्लगइन चालू आहे, हे तपासायला खासगी खिडकीत पान दोनदा उघडा, ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा भाग उघडून पहिल्या ओळीचे रिस्पॉन्स हेडर बघा. ‘एक्स-लाइटस्पीड-कॅश’ समोर ‘हिट’ दिसलं पाहिजे. लॉग-इन केलेल्या खिडकीत तपासून ‘चालत नाही’ म्हणू नका, तिथे पान मुद्दामच ताजं दिलं जातं. कॅशशिवाय तुमचं पान किती वेळ घेतं हे बघायचं असेल तर पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन मनाला येईल तो शब्द जोडा आणि पहिला बाइट यायला लागलेला वेळ वाचा. त्यातून नेटवर्कचा वेळ वजा करून वरच्या हिशेबात ०.४ च्या जागी अंदाजाने घाला. तुमच्या प्लॅनची ऐपत दोन मिनिटांत कळते.

मात्र कॅश लावूनही साइट पडते. तेव्हा दोष होस्टिंगला दिला जातो आणि भोक दुसरीकडेच असतं. पहिला संशयित, वाचकसंख्या मोजणारं प्लगइन. ‘हा लेख ४,३१२ जणांनी वाचला’ ही ओळ दाखवण्यासाठी पान कॅशमधून आलं तरी त्यातली स्क्रिप्ट प्रत्येक वाचकामागे ‘अ‍ॅडमिन-एजॅक्स’ या फाइलला एक हाक मारते. ती हाक म्हणजे अख्खं वर्डप्रेस जागं करणं, वर डेटाबेसमध्ये एक नोंद. पानाची पीएचपी वाचवली आणि मोजदादीत घालवली. मराठी बातम्यांच्या लहान साइटवर हा आकडा मिरवण्याची हौस फार, म्हणून हे भोकही तिथे हमखास. निकालाच्या दिवशी ते प्लगइन बंद ठेवा; मोजणी अ‍ॅनालिटिक्स करतच असतं.

दुसरं फेसबुकचं शेपूट. फेसबुकवरून येणाऱ्या लिंकला ‘एफबीक्लिड’ नावाचा लांबलचक कोड चिकटतो, आणि तो क्लिकगणिक वेगळा असतो. कॅशला प्रत्येक क्लिक म्हणजे नवं पान वाटलं तर फेसबुकची सगळी गर्दी थेट पीएचपीवर जाते. लाइटस्पीडच्या प्लगइनमध्ये हे शेपूट छाटायच्या यादीत मुळातच असतं, पण इतर प्लगइनमध्ये ते स्वतः तपासावं.

तिसरं, न सापडणाऱ्या फाइली. थीममध्ये एखाद्या हटवलेल्या चित्राचा पत्ता राहून गेला असेल, तर ते चित्र मागणारी प्रत्येक विनंती सर्व्हरला फाइल न मिळाल्यामुळे वर्डप्रेसकडे जाते, आणि वर्डप्रेस डेटाबेस उघडून, सगळी प्लगइन चढवून, ‘४०४’ असं उत्तर देतं. एका न दिसणाऱ्या चित्रासाठी पानाइतकाच खर्च. ४०४ कॅश होत नसेल तर बरीच ताकद यात जाते. नेटवर्कच्या त्याच पडद्यावर लाल ओळी शोधा आणि ते पत्ते काढून टाका.

आणि चौथं, स्वतः मालक. गर्दी वाढली की तो लेखात ‘अपडेट’ टाकायला बसतो. प्रत्येक अपडेटला त्या पानाची, मुखपृष्ठाची आणि वर्गांच्या पानांची कॅश पुसली जाते, आणि नवी प्रत बनेपर्यंत आलेले सगळे पीएचपीवर कोसळतात. एखादी प्रतिक्रिया मंजूर केली तरी तेच. ‘पर्ज ऑल’ हे सगळी कॅश पुसणारं बटण तर त्या दुपारी आगीत तेल. लाइटस्पीडच्या प्लगइनमध्ये पर्जच्या भागात ‘सर्व्ह स्टेल’ नावाची सोय आहे, नवी प्रत बनेपर्यंत जुनी दाखवत राहण्याची. ती चालू ठेवावी. शिवाय संपादनाची खिडकी उघडी ठेवून जेवायला गेलात तर तीही काही सेकंदांनी सर्व्हरला हाक मारत राहते. नेमका १ वाजता चालणारा बॅकअपही आदल्या रात्रीच पहाटेवर ढकलून ठेवा. झिप बनवणारी प्रोसेस डिस्क आणि कोर दोन्ही खाते.

वाचायच्या साइटला हा साचा पास. दुकानाला मात्र नापास, आणि इथे ओढून-ताणून काठावर पास करण्यात अर्थ नाही. वूकॉमर्सचं (वर्डप्रेसवर दुकान चालवणाऱ्या प्लगइनचं) कार्ट, चेकआउट, ‘माझं खातं’ ही पानं प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे कॅश होऊच शकत नाहीत. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घेणाऱ्या साइटवर एका मिनिटात शंभर जण चेकआउटला आले तर प्रत्येकाला पीएचपी, डेटाबेस आणि पेमेंट गेटवेच्या उत्तराची वाट, हे सगळं लागतं. त्या वाटेत एंट्री प्रोसेस दोन-तीन सेकंद अडकून पडते. प्रवेश अर्जाचा फॉर्म, ऑनलाइन चाचणी, लॉग-इन करून बघायचे व्हिडिओ, साइटवरचा शोध, सगळ्यांची गत तीच. असं काही असेल आणि गर्दीची तारीख आधीच ठाऊक असेल तर शेअर्ड होस्टिंगवर राहू नका. निदान फॉर्म तरी गुगल फॉर्म्सवर हलवा. दिसायला साधा, पण पडत नाही.

शेजाऱ्यांची भीती पूर्वीइतकी उरलेली नाही. कुंपणामुळे एका खात्याची गर्दी दुसऱ्याचा कोर खात नाही. डेटाबेस मात्र सर्वांचा एकच असतो आणि तो या कुंपणाच्या बाहेर चालतो. त्यामुळे तुमची साइट शांत असताना अ‍ॅडमिनचा भाग संथ झाला तर शेजारी कुणाच्या तरी घरी लग्न आहे असं समजावं. त्यावर ग्राहकाच्या हातात उपाय नाही; सर्व्हर बदलून मागणं एवढंच.

या डेटाबेसचीच दुसरी बाजूही बघा. ‘शेअर्ड सोडा, व्हीपीएस (स्वतःपुरता आभासी सर्व्हर) घ्या’ हा सल्ला देणारे एक गोष्ट सांगत नाहीत. १ जीबीच्या व्हीपीएसमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेस यांनी निम्मी मेमरी घेतली की उरलेल्या पाचशे एमबीत ६०-८० एमबीच्या पीएचपी प्रोसेस सहा ते आठच बसतात. शेअर्डमध्ये डेटाबेसची मेमरी तुमच्या १ जीबीत धरली जात नाही. म्हणजे कॅश न लावता सर्वांत लहान व्हीपीएसवर गेलात तर गर्दीत शेअर्डपेक्षा आधी पडाल, आणि उचलायला सपोर्टही नसेल. एडब्ल्यूएस या अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेचं लहान यंत्र घेतलं तर आणखी एक खाचखळगा: टी-३ मायक्रोची मूळ ताकद दर कोरमागे १० टक्केच, त्यावरची साठवलेल्या क्रेडिटमधून येते. क्रेडिट संपलं की एकतर वेग पडतो, नाहीतर ‘अनलिमिटेड’ पद्धत चालू असेल तर बिल चढतं.

विकत घेण्यापूर्वी सेल्सच्या चॅटवर चार प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवावा. एंट्री प्रोसेस किती? सीपीयू किती टक्के, आणि १०० टक्के म्हणजे एक कोर का? मेमरी किती? सर्व्हर लाइटस्पीडचा आहे की अपाचीचा? ‘सर, आमच्याकडे सगळं अनलिमिटेड आहे’ असं उत्तर आलं तर चॅट बंद करा. पाचवा प्रश्न मोठ्या प्लॅनबद्दल: वरचा प्लॅन घेतला तर खातं त्याच सर्व्हरवर राहतं का? राहत असेल तर मर्यादा काही मिनिटांत वाढतात आणि ऐन गर्दीतही हा उपाय चालतो. सर्व्हर बदलत असेल तर त्या दुपारी हात लावू नका. किंमत बघताना पहिल्या वर्षाची नव्हे, नूतनीकरणाची बघा, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरा.

तारीख आधीच माहीत असेल तर सर्वांत खात्रीचा उपाय फुकट आहे, आणि तो कुठल्याही शेअर्ड प्लॅनवर चालतो. वर्डप्रेसच्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये (सर्व्हरसाठीच्या नियमांच्या यादीत) नियमच असा असतो की मागितलेल्या पत्त्यावर खरी फाइल किंवा खरं फोल्डर असेल तर वर्डप्रेसला उठवू नये. याचा फायदा घ्यायचा. निकालाचं पान पूर्ण तयार करा. खासगी खिडकीत उघडा, पानाचा सोर्स पाहा, तो सगळा मजकूर ‘इंडेक्स’ नावाच्या एचटीएमएल फाइलमध्ये उतरवा. साठवताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर अख्ख्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात. त्यातून मोजणीच्या प्लगइनची स्क्रिप्ट आणि प्रतिक्रियांचा फॉर्म काढून टाका. मग सीपॅनलच्या फाइल मॅनेजरमध्ये, वर्डप्रेस जिथे आहे तिथे, पानाच्या पत्त्यातल्या शेवटच्या भागाच्या नेमक्या नावाचं फोल्डर करून त्यात ही फाइल ठेवा. त्या क्षणापासून ते पान म्हणजे एक साधी फाइल. फेसबुकचं शेपूट, लॉग-इन, पर्ज, कशाचाही त्यावर परिणाम नाही.

यासाठी पानाचा पत्ता रोमन अक्षरांत आणि आखूड ठेवा. देवनागरी पत्त्यातलं एकेक अक्षर किंवा मात्रा टक्क्यांच्या चिन्हांसह नऊ अक्षरांची जागा खाते, आणि वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या त्या भागाला २०० ची मर्यादा आहे. म्हणजे बावीस अक्षरं-मात्रांनंतर पत्ता मध्येच तुटतो. फोल्डरचं नाव जुळवताना हे तुटलेलं टोक हमखास चुकतं.

क्लाउडफ्लेअर ही वाचक आणि तुमचा सर्व्हर यांच्या मध्ये उभी राहणारी सेवा. तिचा मोफत प्लॅन जोडीला घेता येतो, पण त्याबद्दल एक मोठा गैरसमज आहे. तो जोडल्या जोडल्या चित्रं, सीएसएस वगैरे कॅश होतात, पान नाही. पानासाठी ‘कॅश रूल्स’मध्ये त्या पत्त्याचा नियम स्वतः करावा लागतो. नेमसर्व्हर (साइटच्या नावावरून तिचा सर्व्हर शोधून देणारे सर्व्हर) बदलायचे असल्याने हे काम किमान दोन दिवस आधी करा. आणि होस्टिंगच्या फायरवॉलला क्लाउडफ्लेअरचे आयपी मान्य आहेत का, हे सपोर्टकडून लेखी घ्या. सगळी गर्दी मोजक्या आयपींवरून येताना दिसली की फायरवॉल तिला हल्ला समजून दार लावते, आणि पडद्यावर ५२१ किंवा ५२२ येतो. साइट ठणठणीत, आणि कुणालाच दिसत नाही.

जोर ओसरला की ते फोल्डर पुसा. ते राहिलं तर वर्डप्रेसमध्ये पान कितीही बदललंत तरी वाचकाला जुनंच दिसत राहील, आणि पुढच्या निकालाच्या दिवशी मागच्या वर्षाच्या तारखेचं पान व्हॉट्सअ‍ॅपवर फिरेल.